कर तुला काय करायचं ते

सोमवार, ३ जून
आजपासून संताप बंद. कीबोर्ड आपटायचा नाही. (भिंतीवर कॉफीचा मग फुटला तो सकाळी, संकल्पाच्या आधी.)
कारण टेस्टर, गेम खेळून चुका काढणारी. आमच्या गेममधली कुऱ्हाडबाई खेळणाऱ्याच्या सोबत हिंडते, लढते. तिची सगळी वाक्यं माझी. टेस्टरने मुद्दाम तिच्या सख्ख्या भावाचं मुंडकं उडवलं. ते गडगडत तिच्या पायाशी आलं आणि ती म्हणाली, छान वार, पुढे जाऊ या! टेस्टर म्हणे, ही बाई नाही, चालती पिशवी आहे. साहेब म्हणाले, शुक्रवारी पाहुण्यांना गेम दाखवायचाय. तोवर जिवंत वाटली नाही तर तिच्या जागी घोडा.
घोडा!

मंगळवार, ४ जून
अस्सल बाईचा अभ्यास घरीच करायचा. बेडरूममध्ये माझं टेबल हवं, म्हणून हिचं कपाट बाल्कनीत काढू का, विचारलं. ही नको म्हणाली. मग भिजेल म्हणाली. मग आईने दिलंय म्हणाली. शेवटी म्हणाली, कर तुला काय करायचं ते.
मिळाली परवानगी! कपाट भलतंच जड. हिनेच दुसरी बाजू धरली, चकार शब्द न काढता. गुणी आहे.

बुधवार, ५ जून
तेच वाक्य कुऱ्हाडबाईला दिलं. खेळणाऱ्याने तिचं माहेर जाळायचं म्हटलं की आधी तीनदा नको, मग 'कर तुला काय करायचं ते'. पुढे शेरा लिहिला: बाई खूश, पूर्ण पाठिंबा. प्रोग्रॅमरने वाचलं आणि घरी सगळं ठीक ना, असं विचारलं. संसाराने मठ्ठ झालाय बिचारा.
ही कालपासून बोलत नाही. लिहायला इतकी शांतता कधीच नव्हती.

गुरुवार, ६ जून
शेवटचा, माहेर जाळण्याचा प्रसंग मी तपासायचा राहिला. टेस्टर तो बघून पोट धरून हसली. आवडलेला दिसतोय.

शुक्रवार, ७ जून
साहेब स्वतः खेळायला बसले. पहारेकरी कापले, सरपंचाचा कोथळा काढला, स्क्रीन लालभडक. कुऱ्हाडबाई तीनदा नको म्हणाली, मग ते वाक्य. साहेबांनी खुशीत मशाल फेकली. तिने मुकाट्याने वेशीचं दार लावून घेतलं, वळली आणि साहेबांना खांद्यापासून कमरेपर्यंत उभं चिरलं. मग त्या तुकड्यांचेही तुकडे केले.
पाहुणे उठून टाळ्या वाजवायला लागले. एकजण म्हणाला, अगदी आमची ही!
मी प्रोग्रॅमरची कॉलर धरली. तो थंडपणे म्हणाला, तू 'खूश' लिहिलं होतंस, मला वाटलं टायपिंगची चूक, म्हणून दुरुस्त केली.
तेव्हा कपाट आठवलं. धावत घरी. दाराला कुलूप. कपाट रिकामं.

शनिवार, ८ जून
भावाकडे गेलीय. फोनवर म्हणाली, कपाट जागेवर आलं तर येईन, नाहीतर नाही. दोनच पर्याय, दोन्हींना परिणाम. उत्तम लेखन. मी सहज विचारलं, पॅसेजमध्ये ठेवलं तर?
कर तुला काय करायचं ते, म्हणाली.
या वेळी परवानगी मानली नाही. टेबल लाथा घालून मोडलं. पायाचा अंगठा टम्म सुजलाय. कपाट बाल्कनीच्या दारात तिरकं अडकलंय, आत येत नाही, बाहेर जात नाही. दुसरी बाजू धरायला कोणी नाही.