बाराव्या संघाचं अंतर

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत. सगळे म्हणजे तुझी आई आणि मी, आणि त्यातही ठणठणीत ती. मी आपला टिकून आहे. फोन करता आला असता, पण फोनवर आपण काय बोलतो ते तुला ठाऊक आहे. कशी आहेस, बरी आहे, ऊन पडलंय का, पडलंय, थांब आईला देतो. सहा वर्षं हाच कार्यक्रम चालू आहे, एकाही शब्दाचा बदल नाही. आज जे सांगायचंय ते ‘आईला देतो’ म्हणून सुटण्यासारखं नाही. शिवाय तू मध्येच फोन ठेवलास तर उरलेलं पुन्हा सांगायचा धीर मला व्हायचा नाही. कागदाचं बरं असतं. फाडणारासुद्धा आधी वाचून मग फाडतो.

रेल्वेच्या वेळापत्रक विभागातून मुदतीआधी बाहेर पडून मी या नव्या राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या कचेरीत चिकटलो, हे आईने तुला सांगितलंच असेल. तिने ते ‘ह्यांना घरात बसवेना आणि मला ह्यांना बघवेना’ अशा शब्दांत सांगितलं असणार. माझं काम सोपं: बारा संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा दारी खेळायचं, म्हणजे एकशे बत्तीस सामने, आणि या एवढ्या मोठ्या देशात कोण कुठून कुठे कधी जाणार ते आखायचं. आगगाड्या हाकल्या तसे संघ हाकायचे. फरक एवढाच, की गाडीला स्वतःचं मत नसतं आणि संघाच्या मालकाला फुटबॉल सोडून सगळ्या विषयांवर असतं.

आमची समिती तू एकदा बघायला हवीस. लांबलचक टेबल, त्यावर बिस्किटांच्या चार बश्या, आणि बिस्किटं संपली की संपणारी बैठक. अध्यक्ष सिमेंटवाले. त्यांना प्रत्येक गावात आधी स्टेडियम दिसतं, मग गाव, आणि खेळाडू दिसलेच तर सर्वांत शेवटी. जाहिरातवाल्याने पहिल्या महिन्यातच संघांची नावं ठरवून टाकली: सिंह, वाघ, गरुड, चित्ते. आठव्या संघापर्यंत रुबाबदार जनावरं संपली, आणि दहाव्याला रानरेडे म्हणायचं की गेंडे, यावर दोन तास गेले. टीव्हीवाल्या बाईंचं म्हणणं, की सूर्य सगळीकडे एकाच वेळी मावळला तर फार सोयीचं होईल. माजी कर्णधार डोळे मिटून बसतात. ते विचार करताहेत असं सगळे मानतात, मीही मानत होतो, पण परवा त्यांचं घोरणं इतिवृत्तात ‘सहमती’ म्हणून नोंदलं गेलं. मूल जन्मायचंय आणि ही मंडळी त्याच्या शाळेच्या गणवेशावर भांडताहेत, असा एकूण थाट.

भिंतीवर देशाचा मोठा नकाशा आहे. अकरा गावांवर लाल टाचण्या लागल्या. बारावी कुठे लावायची यावर घोडं अडलं. बारावा हवाच, कारण अकरा संघ झाले की दर आठवड्याला एक जण घरी बसतो, आणि घरी बसलेल्या संघाची जाहिरात कोण देणार? एकीकडे तू प्रशिक्षक आहेस तो तुझा क्लब होता: साठ वर्षांचं मैदान, स्वतः घडवलेले खेळाडू. दुसरीकडे इथल्या, आमच्या कचेरीच्याच शहरातला दुसरा संघ, ज्याचं अजून गाणं तेवढं तयार आहे, खेळाडू व्हायचेत. मी तुझं गाव नकाशावर शोधायला गेलो तर सापडेना. त्या कोपऱ्यात छापणाऱ्याने खुणांची चौकट टाकलीय: ही रेघ म्हणजे नदी, ही रेघ म्हणजे रस्ता. तुझं गाव त्या चौकटीच्या खाली. मी हसलो. जाहिरातवालाही हसला. तो का हसला ते उघड आहे. मी का हसलो याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

निवडीसाठी मला तक्ता करायला सांगितला होता. बाराव्या जागेवर कोणाला घेतलं तर बाकीच्यांचा प्रवास किती वाढेल, एवढाच प्रश्न. अंतर मोजायचा नियम अध्यक्षांनी घालून दिला: विमानं मुख्य शहरातूनच, म्हणजे इथूनच, सुटतात, तेव्हा प्रत्येक फेरी तिथूनच धरायची. मी तशी धरली. तुझं गाव इथून एकोणीसशे किलोमीटर. जाऊन येऊन अडतीसशे. अकरा पाहुणे संघ. बेचाळीस हजाराच्या घरात आकडा गेला. शहरातल्या गाणेवाल्या संघापुढे तुम्ही असे दिसलात, जसा शेजारच्या पाहुण्यापुढे परदेशातून येणारा जावई. तक्ता नीट टाइप केला, समासही सरळ होते.

मग तुमच्या क्लबचा आक्षेप आला. एकच पान. सही सेक्रेटरींची, पण अक्षर तुझं. पाटी गिरवायला मीच तुझा हात धरला होता. ते अक्षर मी गर्दीतही ओळखीन. तुला ठाऊक होतं की हा कागद माझ्याच टेबलावर येणार. तरी वर ‘महोदय’ लिहिलं होतंस. बरोबरच आहे, अर्जात बाबा कसं लिहिणार? पण तो ‘महोदय’ मला दिवसभर टोचत राहिला. तू लिहिलं होतंस, की डोंगरापलीकडच्या शहराला तुम्ही लीगमध्ये घेतलंच आहे; त्या संघाशी आम्ही वर्षानुवर्षं खेळतो, बसने चार तास लागतात; आणि तुमच्या तक्त्यात मात्र त्यांना आमच्याकडे यायला आधी मुख्य शहर गाठावं लागतं, म्हणजे शेजारणीकडे विरजण मागायला राजवाड्यावरून वळसा. कृपया फेरविचार व्हावा. विरजणाचं वाक्य अर्जात शोभत नाही, हे तुला सेक्रेटरींनी सांगितलं असणार, आणि तू ऐकलं नसणार.

तुझं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मी पेन्सिल घेऊन बसलो आणि दहा मिनिटांत उजेड पडला. प्रत्येक संघ डोंगरापलीकडे जाणारच आहे. तिथे गुरुवारी सामना खेळला की शुक्रवारी बसमध्ये बसायचं आणि रविवारी तुमच्याशी खेळायचं. वाढलेला प्रवास जाऊन येऊन तीनशेवीस किलोमीटर. अकरा संघांचा मिळून साडेतीन हजार. बेचाळीस कुठे आणि साडेतीन कुठे! तीस वर्षं जोडगाड्या आखणाऱ्या माणसाला हे आधी दिसू नये? शिकाऊ कारकुनाने असा तक्ता आणला असता तर मी त्याच्या कानाखाली शब्दांचा जाळ काढला असता.

आणि आता कडू घोट. बैठकीत अध्यक्षांनी तुमचा आक्षेप वर धरला आणि मला विचारलं, काय हो वेळापत्रकवाले, तक्ता बरोबर आहे ना? माझ्या खिशात पेन्सिलीचा तो कागद होता. मी उभा राहिलो आणि म्हणालो, नियमानुसार बरोबर आहे. एवढंच. ‘नियमानुसार’ हा फार गुणी शब्द आहे बघ. त्याच्या आड हत्ती लपतो. हात वर झाले, माजी कर्णधार घोरले, टाचणी शहरात लागली. तुमचा क्लब अंतराच्या कारणास्तव बाहेर गेला. तसं पत्र तुमच्या सेक्रेटरींना एव्हाना पोचलं असेल किंवा उद्या पोचेल.

का बोललो नाही? कोणाची भीती नव्हती. अध्यक्षांनी फार तर भुवया उंचावल्या असत्या. घरी आलो, तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालता घालताच म्हणाली, तुम्ही कसे बोलणार? तिथे जायला वाट आहे असं चारचौघांत कबूल केलं असतं, तर मग तुम्ही का जात नाही हा प्रश्न उरला असता. मी नेहमीचं पालुपद लावलं, की अगं सरळ गाडी नाही, दोनदा बदलावी लागते, माझी पाठ. तर हातातली चादर खाली ठेवून म्हणते, मग मी तीनदा जाऊन आले ती काय उडत? पहिल्या वेळी तुम्हीच मला डब्यात बसवून आलात. वर सांगितलंत, उतरताना घाई करू नकोस, तिथे गाडी बराच वेळ थांबते. का थांबते तेही सांगितलंत.

खरं आहे. ती गाडी मीच आखलीय. एकतीस तास, मध्ये कुठे बदल नाही, तुमच्या स्टेशनात इंजिन बदलतं. सहा वर्षं तुला फोनवर सांगत आलो, की सरळ गाडी नाही. तू एकदाही ‘आई कशी आली मग’ असं विचारलं नाहीस. माझं खोटं तू इतकी वर्षं जपून ठेवलंस, आणि मी समजत होतो की ते खपतंय.

तू निघालीस तो दिवस आठवतोय. मुलींना फुटबॉल शिकवायचं तर इथे शिकव, शिट्टी फुंकायला देशाच्या टोकाला कशाला, असं मी म्हणालो. तू म्हणालीस, इथे शिट्टीसुद्धा पुरुषांनाच देतात. आणि मी, स्वतःला फार विनोदी समजणारा तुझा बाप, सगळ्यांदेखत दोन महिन्यांनंतरचं परतीचं तिकीट तुझ्या हातावर ठेवलं. लागेलच म्हणून. तू ते घेतलंस, घडी करून पिशवीच्या कप्प्यात ठेवलंस. दोन महिने झाले, वर्ष झालं. तू मुलींचा संघ उभा केलास, मग क्लबने त्यांचा मुख्य संघही तुझ्याकडे दिला. दर वेळी आई बातमी सांगायची आणि मी ‘अरे वा’ म्हणून वर्तमानपत्र वर धरायचो. तू हरली असतीस तर पहिल्या गाडीने धावत आलो असतो, मोठ्या मनाने. जिंकलेल्या मुलीच्या दारात मान खाली घालून जायला जे मन लागतं, ते माझ्याकडे नव्हतं. मग मी तुझं गाव लांब करत गेलो. घरात आधी केलं, कचेरीत नंतर. तक्ता करताना माझा हात अडखळला नाही, कारण ते अंतर माझ्या तोंडात सहा वर्षं घोळलेलं होतं. आणि त्याची किंमत तुझ्या संघातल्या पोरांनी मोजावी, यात काही म्हणजे काही विनोद नाही.

काल अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, तक्ता चुकलाय आणि चूक माझी आहे. ते म्हणाले, अहो, निकाल लागल्यावर कुणी स्वतःवरचा गोल मोजून घेतो का? मग मी सांगितलं, की त्या क्लबची प्रशिक्षक माझी मुलगी आहे. त्यांनी खुर्ची मागे सरकवली. हे आधी का नाही सांगितलंत? आता तर तुमचं कोण ऐकणार, सगळे म्हणतील पोरीसाठी आकडे फिरवले. मी म्हटलं, आकडे मी फिरवले ते पोरीच्या विरुद्ध. तसंच लिहून देतो, खाली सही करतो, आणि माझ्या जागी दुसरा माणूस बघा. त्यांना हे फार विचित्र वाटलं. दुसऱ्याचं नुकसान करून घ्यायला लोक त्यांच्याकडे येतात, पण स्वतःचं करून घ्यायला कोणी येत नसावं. दुपारी टेबल रिकामं केलं. टीव्हीवाल्या बाई तेवढ्या दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, काका, अपिलाला पंधरा दिवस असतात, आणि तक्ता करणाऱ्याची मूळ सहीची कबुली जोडली तर समितीला फेरमोजणी करावीच लागते. त्यांना मी उगीचच सूर्यावरून हसत होतो.

तर हे पत्र एवढ्यासाठी. मूळ सहीचा तो कबुलीचा कागद आणि दुरुस्त तक्ता माझ्याकडे तयार आहे. तो टपालाने पाठवणार नाही. मी घेऊन येतोय. शुक्रवारी निघतो, शनिवारी दुपारी तुझ्या गावात उतरेन. अपील मान्य होईलच असं नाही. समितीला गाणं फार आवडलंय. पण तुमचं गाव लांब होतं म्हणून तुम्ही राहिलात, असं तुझ्या खेळाडूंना कोणी सांगायच्या आत, तक्ता कोणी आणि कसा चुकवला ते मी त्यांच्यासमोर उभं राहून सांगणार आहे. त्यांना मला काय म्हणायचंय ते म्हणू दे. हे सगळं तुझ्या दारात, तुझ्या तोंडाकडे बघत पहिल्यांदा सांगायची माझी छाती नाही, म्हणून पत्र पुढे धाडलं. स्टेशनवर येऊ नकोस. मी विचारत विचारत मैदानावर येईन, कागद सेक्रेटरींच्या हातात देईन, आणि मग बाकावर बसून राहीन. सराव संपल्यावर तू माझ्याकडे आलीस तर येईन तुझ्याबरोबर घरी. न येता गेलीस तरी, रविवारी तुमचा सामना आहे असं आई म्हणते, तो बघूनच मी परत फिरेन. तुझा संघ खेळताना मी अजून एकदाही पाहिलेला नाही.

तुझाच,
बाबा