कौशीसंगं उचललेला बेलभंडार

४ तारीख, सोमवार
माहा नातू गजू पलटनीतून कायमचा आला त्याले दोन महिने झाले. सतरा साल बाडरवर होता. आता सकायी उठून अंथरुनाची अशी घडी घालते का माह्या सुनीले, त्याच्या मायले, लाज वाटावी. त्याच्या लोखंडी पेटीवर पांढऱ्या रंगात नाव हाय, मी रोज पुसतो. चौथी शिकली मी, नाव तं वाचता येते.
कौशी आली होती. आमी दोघी एकाच साली नवऱ्या होऊन या गावात आलो. तिचा लेक देवराव सरपंच, इलेक्शन लागलं. तिनं गल्लीतल्या साऱ्या बायांले महादेवाच्या देवळात नेलं, बेलभंडार उचलाले लावला. हातावर बेलाचं पान, वरतून भंडारा, अन् म्हना, मत देवरावलेच. दर खेपेले म्हनतो तसं म्हनलं. येतायेता भाजीले वाळकं घेतले, कडू निंगाले.

१२, मंगळ.
गजूनं सरपंचाचा फारम भरला. देवरावच्या इरोधात. मले कोनी आंधी सांगतलंच नाही. पेढा हातावर ठेवला तवा समजलं. आनंद तं एवढा झाला का काय सांगू, फौजी सरपंच आपल्या घरात. अन् त्याच हातावर आठ दिसापयले बेल होता.

१५, शुक्र.
जेवन जात नाही. शेवटी गजूले सांगतलं. हासला. म्हने, "आजी, गोळीनं मेलो नाही, आता बेलाच्या पानानं मरीन काय व?"
सून बी हासली. मले नाही आलं हासू. गावातल्या गंगारामनं अशीच शपथ मोडली होती, त्याचा लेक वर्साच्या आत ट्रॅक्टरखाली गेला. लोक म्हनते ब्रेक नव्हता. ब्रेक तं अर्ध्या गावाच्या ट्रॅक्टरले नाही.
बाडरवर होता तवाही भेव होतं, पन ते दुसऱ्यायनं घातलेलं. हे माह्या हातचं.

१९, मंगळ.
कौशीच्या घरी गेली. शपथ जिच्यासमोर घेतली तिनंच सोडा लागते, असं हाय आमच्यात. लिंबाचं लोणचं नेलं नव्या डब्यात. तिनं लोणचं ठेवून घेतलं अन् म्हने, "गजूले फारम मांगं घ्याले सांग. मंग सोडतो तुले."
मी म्हनलं, तो कधी मांगं फिरला नाही व.
"मंग तू अन् महादेव पाहून घ्या."
डबा तिथंच राह्यला.

२४, रविवार. मत.
गजूनं फटफटीवर शाळेत नेलं. लायनीत कौशी माह्या मागंच, तोंड फिरवून. मशीनवर वर देवरावची कपबशी, खाली गजूची शिट्टी. बोट कपबशीवर गेलं होतं. मंग शिट्टीबाजूचं नाव वाचलं. पेटीवरचंच. शिट्टी दाबली. मशीन केवढी वरडली, मले वाटलं देवळापर्यंत ऐकू गेलं. देवा, माह्यावर घे, त्याच्यावर नको.
घरी येतायेता देवळाजवय शाईचं बोट पदरात झाकलं.

२५, सोमवार
गजू मोजनीले तालुक्याले, मालेगावले गेला. फोन उचलत नाही. सून म्हने, गर्दीत ऐकू येत नसन. जिंकला तं भेव हायच, हरला तरी शपथ तं मोडलीच.
दुपारी कौशी आली, डबा घेऊन. रिकामा नाही आनला, साखर होती त्यात. ओट्यावर बसलो. म्हने, "खरं सांग, कुठं दाबलं?"
मी पदर सावरला. बोट पदरात होतं. ती पदराकडं पाहत राह्यली. मंग हळूच म्हने, "देवराव बी सकायपासून फोन उचलत नाही."
अन् पदरावरूनच माहा हात धरला, घट्ट. सोडलं, असं काही म्हनली नाही.
चहा ठेवाले म्हनून आत आली अन् हे लिहून राह्यली. पुलाकडून डफडं वाजत येऊन राह्यलं. कोनाच्या जितीचं ते इतून समजत नाही. कौशी ओट्यावर उभी झाली. मलेही हाक मारून राह्यली.