एक तास की अर्धा दिवस

३ मार्च

चि. टिल्लू यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

एकतीस वर्षांच्या माणसाला टिल्लू म्हणते म्हणून रागावू नकोस. खाणीवर तुला सगळे सर्व्हेअरसाहेब म्हणतात, तेवढं पुरे. तुमच्याकडे फोन लागत नाही ते एका परीनं बरंच आहे. हे बोलताना माझा आवाज नीट राहिला नसता.

चष्मेवाल्यांबद्दल मागच्या पत्रात लिहिलं होतं. तुझ्या उत्तरात खाणीतल्या धुळीबद्दल दोन पानं होती, त्यांच्याबद्दल एक ओळही नव्हती. असो. आमच्या लग्नाला १२ एप्रिलची तारीख मिळाली आहे. नोंदणी कचेरीत सह्या करायच्या, एवढंच.

आता अडलंय ते फोटोवर. औषधांच्या दुकानावर एका मुलीचा स्टुडिओ आहे, तिथे काल गेलो होतो. तिच्याकडे तीन प्रकार आहेत: एक तास, अर्धा दिवस आणि पूर्ण दिवस. अर्ध्या दिवसात ती सकाळी घरी येते आणि तयारीपासून सगळं टिपते. तिनं कागदावर रकाने आखले, घरची मंडळी, पाहुणे, मित्रमंडळी, आणि विचारलं की किती जण. मी मोजले. आम्ही दोघं, माझ्या शिवणाच्या दुकानाच्या मालकीणबाई, चष्म्यांच्या दुकानातले एक जुने मदतनीस, आणि तू. तिनं ते सगळे एकाच रकान्यात बसवले.

मी म्हणत होते, या वयात फोटो कशाला. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांच्या गणवेशाच्या शिलाया उसवणारी बाई मी, मला कसली मिरवण्याची हौस. पण चष्मेवाले जिन्यात हळूच म्हणाले, आजवर प्रत्येक लग्नाच्या फोटोत मी मागच्या रांगेत कडेला उभा राहिलोय, एकदा मधे उभं राहून बघावं म्हणतो. त्यांचं हे पहिलंच लग्न आहे रे. साठाव्या वर्षी.

वीस तारखेपर्यंत तिला कळवायचं आहे. तू येणार असशील तर अर्धा दिवस सांगते. सकाळी घरात तू असशील, मग टिपण्यासारखं काहीतरी असेल. तू येणार नसशील तर कोरी भिंत आणि मी.

जेवणाची आबाळ करू नकोस. दोन ओळी का होईना, लगेच लिही.

तुझी,
आई

११ मार्च

ती. आईस नमस्कार.

पत्र मिळालं. सह्या करायला कितीसा वेळ लागतो? एक तास रग्गड झाला. अर्धा दिवस ती मुलगी करणार काय?

एप्रिलमध्ये इथे तपासणी आहे, सगळ्यांच्या रजा बंद आहेत. त्यामुळे माझं धरू नकोस.

एक विचारायचं होतं. बाबांचा फोटो समोरच्या खोलीतून हलवणार असशील तर आधी मला कळव. मी तो इकडे घेऊन येईन. आणि तुमचे फोटो इकडे पाठवू नकोस. खोलीत ओल आहे, खराब होतील.

माझ्या खोलीतला सोबती बदली होऊन गेला. त्याची गादी गुंडाळून ठेवली आहे, नवीन कुणी आलं नाही. बाकी ठीक. तब्येतीला जप.

तुझा मुलगा

१९ मार्च

चि. टिल्लू यास आशीर्वाद.

खाली 'तुझा मुलगा' अशी सही केलीस. मला ठाऊक नव्हतं की काय.

बाबांचा फोटो आहे तिथेच राहील. तो हलवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. चष्मेवाले पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्या फोटोसमोर बराच वेळ उभे होते. मला वाटलं, अवघडले असतील. तर म्हणाले, यांच्या चष्म्याची डावी काडी मीच बदलून दिली होती, फार घाईत होते, मुलाला शाळेतून आणायचं होतं. टिल्लू, बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुझ्या-माझ्याखेरीज कुणीतरी त्यांच्याबद्दल काही सांगितलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

तुला राग नसेल, पण काहीतरी आहे, ते मला कळतं. म्हणून एकदाच सांगते. संध्याकाळी दुकानातून येते तेव्हा सकाळी मीच लावलेलं कुलूप मीच उघडते. मला फोटोची हौस नाही. दार कुणीतरी आतून उघडावं, एवढीच हौस आहे.

फोटोवालीला एक तास सांगितला. चष्मेवाले बरं म्हणाले आणि आधीच पुसून ठेवलेला एक चष्मा परत पुसत बसले.

त्या रिकाम्या खोलीत एकटा बसून राहू नकोस. मेसमध्ये चार लोकांत जेव.

तुझी,
आई

१४ एप्रिल

चि. टिल्लू यास आम्हा दोघांचे आशीर्वाद.

'आम्हा दोघांचे' लिहिताना हात जरा थबकला. तरी लिहिलं.

परवा सगळं नीट पार पडलं. सह्यांना बारा मिनिटं लागली. तुझा अंदाज बरोबर होता, एक तास म्हणजे रग्गड. मालकीणबाई आणि मदतनीस साक्षीदार होते, तिसरी सही फोटोवालीनं केली. फोटोवालीनं आम्हाला कचेरीच्या व्हरांड्यात उभं केलं आणि घरच्या मंडळींनी या म्हणाली, तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहायला लागलो. शेवटी ते दोघंच आले आणि ओळखपत्राच्या फोटोला उभं राहतात तसे दोन बाजूंना ताठ उभे राहिले.

माझ्या आणि मालकीणबाईंच्या मधे जागा राहिली होती. मी मुद्दाम सोडली नव्हती, खरंच सांगते. मुलगी दोनदा म्हणाली, काकू, इकडे सरका. माझे पाय काही सरकेनात. मग हे (आता 'हे' लिहायला हरकत नाही) तिला म्हणाले, राहू दे, अशीच काढ.

वेळ उरला होता. ती निघून गेली नाही, आमच्याबरोबर पायरीवर बसून चहा प्यायली. तिचे वडील कुठे असतात, काय करतात, सगळं सांगितलं तिनं. आम्हीही ऐकत बसलो. कुणालाच घरी जायची घाई नव्हती.

फोटो पाठवत नाही, तू नको म्हणाला होतास.

तुझ्या पत्राची वाट बघते आहे, हे दर वेळी लिहायला नको खरं तर.

तुझी,
आई

२ मे

चष्मेवाले काका यांस,
नमस्कार, वि. वि.

वर काय लिहावं यावर तीन कागद फाडले. सध्या काका लिहितो, चालवून घ्या.

आईला न सांगता तुम्ही पाठवलेला फोटो मिळाला, पाकिटावर तुमच्या दुकानाचा शिक्का होता. सोबत चिठ्ठी नव्हती, ते बरं केलंत. मेसवाल्यानं टेबलावर तो पाहिला आणि विचारलं, कोण? मी म्हटलं, आई. शेजारी कोण म्हणाला, तर मी म्हटलं, आईचे मिस्टर. हे असं म्हणताना माझं मलाच कसंतरी झालं. त्या मोकळ्या जागेबद्दल त्यानं विचारलं नाही. इतरांना ती दिसतही नसेल.

काका, रजा बंद नव्हत्या. मी अर्जच केला नव्हता. बारा तारखेला मी दिवसभर खोलीवर होतो, सोबत्याच्या गुंडाळलेल्या गादीला टेकून. नोंदणी किती वाजता होती, हेही मी आईला विचारलं नव्हतं. त्यामुळे सकाळपासून दर तासाला वाटायचं, आता होत असेल.

हे आईला मी समोर बसून सांगेन, तुम्ही सांगू नका. साहेबांनी आठ दिवसांची रजा दिली आहे. येत्या शनिवारी दुपारच्या गाडीनं पोचतो, एवढं मात्र तिला सांगा.

आई हौसेनं त्या फोटोवालीला बोलवायला निघेल. तेवढं तिला थांबवा. घरात शिरल्यावर तुमच्याशी काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही, आणि ते अवघडलेपण कुणी टिपून ठेवायला नको. तुम्हीही फार बोलू नका. नुसते बसू थोडा वेळ.

आईला नमस्कार सांगता येणार नाही, कारण हे पत्र तिला दाखवायचं नाही. म्हणून तो तुम्हालाच.

आपला,
टिल्लू