चार हजार खड्डे

२ मार्च २०२३, गुरुवार

आई बरी आहे का? वडील? बायको? मुलं किती, दोन? दोघंही बरी? धाकट्याचा खोकला गेला? सासूबाई? घरी गाय आहे ना, ती दूध देते का? — एवढं सगळं मी जमीन मोजायला आलेल्या कंपनीच्या मोजणीवाल्याला एकेक करून विचारलं. प्रत्येकाला 'बरं आहे, बरं आहे'. डोळे हातातल्या कागदावर. आणि मला उलट एका शब्दानं विचारलं नाही! माझा गुडघा, जावेचा दमा, गाभण शेळी — सगळं तोंडातल्या तोंडात राहिलं.

बरोबर माझा मुलगा एग्नो. कंपनीचा निळा डगला घालून. स्वतःच्या घरी पाहुण्यासारखा उभा! कोळशाच्या खाणीत मोठी गाडी चालवतो, तीन वर्षं झाली. गावचा म्हणून कंपनीनं दुभाष्या करून पाठवलेला. मोजणीवाल्यानं स्वाहिलीत सुरुवात केली. मला काय स्वाहिली येत नाही? पण माझ्या अंगणात मी आमच्या मातेंगो भाषेतच बोलते. कुणीही येऊ दे. मग एग्नो मध्ये उभा राहून इकडचं तिकडे करत होता.

विचारलं, डोंगराच्या सोंडेवर काय आहे? मी जे सुरू झाले! या ओढ्यापासून त्या ओढ्यापर्यंत आमच्या कुळाचं, मी लग्न होऊन आले तेव्हा किती होतं, आज किती आहे — चार हजार! एकेक या हातांनी! मग चहा आणायला आत गेले. बाहेर येते तो कागद भरून तयार. चष्मा आत चुलीपाशी. सही मात्र ठणठणीत केली, केरुबिना किनुंडा, एक अक्षर गाळलं नाही. अंगठा उठवणारी बाई वाटले की काय त्याला!

एग्नोनं चहा घेतला नाही. 'शिफ्ट आहे' म्हणाला.

६ मार्च

शेळी व्याली. दोन. एक इतकं काळं की जाऊ म्हणते, याचं नाव कोळसाच ठेवा.

९ मार्च

चूल पेटवायची राहिलीय. तरी लिहिणार.

गावाच्या कचेरीबाहेर कागद लावलेत. मी चष्मा घेऊनच गेले. कॉफी सोसायटीच्या पोत्यांवरची अक्षरं जुळवत जुळवत वाचायला शिकलेली बाई मी, मला वेळ लागतो, पण मी सगळं वाचते. आमच्या सोंडेपुढं लिहिलंय — 'उकरलेली जमीन. खड्डे: चार हजार. पीक: नाही. पडीक.' आणि खाली माझी सही. ठणठणीत!

खड्डे! अरे, तो न्गोलो आहे! माणसांनी गवत कापायचं, उतारावर चौकटी चौकटीनं अंथरायचं. बायकांनी चौकटीच्या मधली माती ओढून गवतावर चढवायची. बांधावर घेवडा, नंतर मका. मधल्या खळग्यात पाणी थांबतं, माती थांबते. दोन वर्षांनी खळग्याच्या जागी बांध नि बांधाच्या जागी खळगा. इतक्या उभ्या उतारावरून आमची माती कधी ओढ्यात गेली नाही, आणि हा लिहितो उकरलेली! वरून उडतं यंत्र फिरवून फोटो काढलाय, त्यात मधमाशांच्या पोळ्यासारखं दिसतंय. तेही डकवलंय पुरावा म्हणून.

गावाचा अध्यक्ष लाँगिनुस नात्यानं माझा दीर लागतो. मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, खड्डे तुम्हीच सांगितलेत. चार हजार आकडा तुमचाच ना?"

आकडा माझाच. शब्द? आठवत नाही. पण परक्या माणसाशी बोलताना आम्ही सगळेच खड्डे म्हणतो, त्याला पटकन कळावं म्हणून. म्हणाले असेन. माझीच जीभ!

पडीक असली की गाव ती कंपनीला परस्पर देऊ शकतं. आणि कंपनीला तिथं कोळसासुद्धा नकोय! खाण मोठी करायचीय, तर कोळशावरची माती काढून टाकायला जागा हवी. म्हणजे माझ्या डोंगरावर त्यांचा कचरा.

लाँगिनुस म्हणतो, महिनाअखेरपर्यंत हरकत घेता येईल. लेखी. आणि मोजणीच्या वेळी समोर हजर असलेल्या माणसाची साक्ष पाहिजे.

हजर कोण होतं? मोजणीवाला आणि माझा मुलगा.

११ मार्च

एग्नो जेवायला आला. मक्याच्या पिठाची उगाली निम्मी टाकली — हा, जो लहानपणी भांडं खरवडून खायचा.

मी म्हटलं, "साक्ष देशील?"

"आई, मी काय सांगणार? तू बोललीस ते मी सांगितलं."

"बरोबर आहे बाबा. माझंच चुकलं."

ताट बाजूला सारून उठला. तांब्याभर पाणी प्यायला. जाताना म्हणाला, जागा मिळाली की खाण मोठी होईल आणि तो नोकरीत कायम होईल. आता कंत्राटावर आहे. माझ्या छपरावर पत्रे त्याच्याच पगारातून आले, हे मी विसरत नाही. पाऊस पत्र्यावर वाजला की दर वेळी त्याची आठवण येते. पण पत्रे आले म्हणून डोंगर द्यायचा? नाही!

१४ मार्च

आंब्याखाली सभा. कंपनीच्या साहेबानं पांढरा पडदा टांगून चित्रं दाखवली. एक लाल रेघ, डावीकडून उजवीकडे चढत जाणारी. तीन वर्षांत कोळसा दुप्पट. सिमेंटच्या कारखान्यांना आपला कोळसा, म्त्वाराच्या बंदरातून जहाजं भरून थेट इंडियाला आपला कोळसा! देश वाढणार, रस्ता होणार, दवाखाना होणार. पोरं टाळ्या वाजवत होती. वाजवू देत. दवाखाना मलाही हवाय.

मी उठले. जाऊ विनफ्रिदा लुगडं ओढतेय, "आक्का, बसा हो!" मी कशाला बसते?

म्हटलं, "साहेब, आधी सांगा, घरचे बरे आहेत ना सगळे?"

लोक हसले. तो गोंधळला. "हो आजी, बरे आहेत."

"छान. ही तुमची रेघ जशी वर जाते, तशी खाण खाली जाते ना? मग मध्ये आम्ही कुठं उभं राहायचं?"

"आजी, तुम्हाला दुसरी जागा मिळेल. सपाट!"

"सपाट जागेवर न्गोलो कसा करू? तुम्ही सपाट समुद्रावर खाण काढता का?"

मग तर आंब्यावरची पोरंसुद्धा हसायला लागली. साहेब पण हसला, माणूस वाईट नाही. मी सांगितलं — काढा की कोळसा! आहे तिथून काढा. जमिनीनं दिलाय, नाही म्हणणारी मी कोण? पण तुमची माती ठेवायला माझी माती नाही. आणि आमच्या कुळाच्या सोंडेला पडीक म्हणायचं नाही. पुन्हा म्हणायचं नाही!

एग्नो मागे गाडीला टेकून उभा होता. सगळे हसले तेव्हाही तो हसला नाही.

१७ मार्च

सोंडेभोवती लाल झेंड्या रोवल्यात. नोटीस आली — आजपासून पुढं जे पेराल ते भरपाईत धरलं जाणार नाही.

असं? मग आजच सुरुवात!

निरोप पाठवला. पुरुष एकही आला नाही. कुणाचा मुलगा खाणीत, कुणाचा भाऊ, कुणी स्वतः. गवत कापून अंथरणं हे पुरुषांचं काम. बाईनं गवत अंथरलेलं या डोंगरानं अजून पाहिलं नाही. विनफ्रिदा म्हणाली, "आक्का, लोक काय म्हणतील?"

म्हटलं, "म्हणतील दोन म्हाताऱ्या वेड्या झाल्या. तू विळा आण."

दुपारपर्यंत सात जणी जमल्या. पहिल्या ओळी इतक्या वाकड्या की माझे मालक ओटमार, देव त्यांना शांती देवो, थडग्यात कूस बदलून म्हणाले असतील, केरुबिना, हे काय चौकट आहे की शेळीची वाट! हसून हसून विनफ्रिदाला दमा उठला. तिला सावलीत बसवलं. तिथूनही ती हुकूम सोडत होती, डावीकडे, डावीकडे!

२० मार्च

गुडघा सुजला. तीनशे झाले.

कंपनीची जीप आली. एक जण खाली न उतरताच ओरडला, "आजी, हे मोजलं जाणार नाही हं!"

"मोजू नकोस बाबा. घेवडा झाला की खायला ये."

२४ मार्च

रात्रभर पाऊस. पहाटे काठी टेकत सोंडेवर गेले. प्रत्येक खळग्यात पाणी, प्रत्येकात आभाळाचा एकेक तुकडा! आमच्या वाकड्या ओळीसुद्धा टिकल्या. पलीकडे खाणीच्या ढिगाची माती रस्त्यावर आली, ट्रक रुतून बसलेत. मी कुणाला हसले नाही. (थोडी हसले.)

घेवडा पेरला.

२७ मार्च

हरकतीचा कागद लिहून झाला. चार वेळा फाडला, पाचव्यांदा जमला. साक्षीदाराची जागा रिकामी. लाँगिनुस म्हणतो, "वहिनी, अशी रिकामी जागा असली तर म्बिंग्याच्या जिल्हा कचेरीत कागद उघडणारसुद्धा नाहीत." म्हटलं, भाऊजी, न उघडता परत पाठवला तर मी स्वतः जाऊन मोठ्यानं वाचून दाखवेन.

मग एग्नोला चिठ्ठी लिहिली. दोन आठवडे झाले, खाणीच्या छावणीतून घरी फिरकला नाही. 'साक्षीचं राहू दे. चूक माझ्या जिभेची, ओझं तू घेऊ नकोस. फक्त जेवायला ये.' बोडाबोडावाल्याकडे दिली. मोटरसायकल इतकी जोरात हाकतो, चिठ्ठी पोचली तरी हा पोचेल का कोण जाणे.

३० मार्च

उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवून ठेवते —

'आई, तू बरी आहेस का? गुडघा? काकूचा दमा? शेळी? दोन्ही पिल्लं? काळं जास्त उड्या मारतं का? मी बरा आहे.

आई, तू त्या दिवशी खड्डे म्हणालीच नव्हतीस. न्गोलोच म्हणत होतीस, परत परत. खड्डे मी म्हणालो. तू चहा आणायला आत गेलीस तेव्हा.

काल म्बिंग्याला जाऊन साक्ष म्हणून तसं लिहून दिलं, सही केली. खाणीतल्या गाडीची किल्ली आज काढून घेतली माझ्याकडून.

ओळी वाकड्या आल्यात म्हणे. गवत अंथरायला माणूस चालेल का, ते कळव. उत्तर लवकर लिही.'