घनास्थीचा लेखी दाखला

निपाणी, गुरुवार

प्रिय भीमसेन,

तुझ्या जय भीमच्या आधी माझा जय जिनेंद्र पोचला असं समज. शहापुरात तुझे गुडघे, वहिनींचा दमा आणि शेजारचा माग (अजून खडखडतो का?) ही तिन्ही बरी चालत असावीत.

दोन महिन्यांपूर्वी बाजारातून येताना चौथीतली एक कविता म्हणत होतो. (गुरुजी ती पायानं ताल धरून म्हणायला लावायचे, तू ताल चुकायचास.) चौथ्या चरणाशी माझा स्वतःचाच चरण गटाराच्या कडेवरून आत मुरगळला. तेव्हापासून पावलाची बाहेरची कड दुखायला लागली. चवड्यावर उभं राहून फळीवरचं पुस्तक काढणं तर बंदच झालं. इथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून हाड मोडलेलं नाही एवढं सांगितलं आणि तुझ्या कमलावहिनीनं तो फोटो पुरावा म्हणून कपाटात जपून ठेवला. भाजी, दळण सगळं तीच आणायला लागली. प्रत्येक पिशवी मात्र माझ्यासमोर जरा जोरानं ठेवायची.

सहा आठवडे असे काढून शेवटी एकटाच शहापूरला तुझ्या लेकीच्या, उपासनाच्या दवाखान्यात गेलो. (तू त्या दिवशी काकतीला गेला होतास.) पोरीनं चाचपून सांगितलं, क्युबॉइड नावाचं हाड जागचं किंचित हललंय, एक्स-रेत ते बहुधा दिसत नाही. मराठीत सांग म्हटल्यावर मोबाइलात बघून म्हणाली, घनास्थी. घन हा शब्द ऐकला आणि मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. आयुष्यभर ज्यांच्याकडे मान वर करून पाहिलं, त्यांतला एक माझ्या पावलात उतरला होता. कमलाला तिथूनच फोन लावून सांगितलं, पायात ढग अडकलाय.

"व्हय? मग पाऊस पडंस्तोवर तितंच बसा," म्हणाली.

उपासनानं समजावलं की हा घन गणितातला, लांबी-रुंदी-उंचीचा. (गणितात मला अकरा गुण होते, तुला आठवत असेल.) मग पालथं झोपवून, गुडघा वाकवून, दोन्ही अंगठे तळव्याला लावून तिनं पाऊल असं झटकलं की टक् झालं, आणि दुखणं गेलं. त्या हाडाखाली छोटी गादी ठेवून आठवडाभर पट्टी बांधली, पोटऱ्या ताणायचे व्यायाम दिले. मी ताठ चालत घरी आलो. तीच चूक झाली.

"सहा आठवड्याचं दुखणं एका टक्कनं गेलं?" कमला म्हणाली. "मग ते व्हतं कवा?"

तेव्हा उपासनाकडून दोन ओळी लिहून पाठव, की दुखणं खरं होतं. या वयात घरात खोटा ठरून राहणं जड जातं.

तुझा,
भुजबली

ता. क. दाखला राहू दे. आत्ता कमला दळण घेऊन आली, तेव्हा मागून पाहिलं. ती पाऊल बाहेरची कड वाचवत, आतल्या कडेवर टाकून चालते. विचारलं तर म्हणाली, "मला कुठं कविता येत्यात पाय मुरगळायला?" स्वतःसाठी ती दवाखान्यात यायची नाही, माझ्या सोबतीला येईल. तर उपासनानं मला पुन्हा बोलवावं, बायकोला आणल्याशिवाय तपासणार नाही असं बजावावं, आणि तिचाच पाय बघावा. तोवर मी लंगडत राहीन.

आणखी एक. माझा कुठला पाय दुखत होता, ते उपासनाच्या कागदात बघून कळव. कमलाला पक्कं ठाऊक आहे.