साइडकारमध्ये कोण बसणार

९ नोव्हेंबर, धुळे
गाडी आली. पारोळ्याच्या आबांनी, गाडीच्या जुन्या मालकांनी, टेम्पोत चढवायच्या आधी टाकीवरून हात फिरवला. "मना बापनी गाडी शे. बठ्ठा म्हनेत, भंगारमा दे. मी नही दिधी. तुम्ही चालू करशात ना?" सगळे भंगारात दे म्हणत असताना त्यांनी जपलेली बापाची गाडी. हो म्हणालो.
जर्मन मोटरसायकल, एका सिलिंडरची, बाजूला जोडलेली साइडकार. इंजिन जाम. साइडकारचा तळ इतका गंजलेला की हात आरपार. पण इंजिनाचं कास्टिंग काय सुंदर ओतलंय! दीपनगरच्या वीजकेंद्रात उभा जन्म फिटरकी केली, असं हातात आलं नव्हतं.
शोभा कुबडी टेकत अंगणात आली. "भाऊ, हे काय आणलंस?"
म्हटलं, तुझ्यासाठी. मी चालवणार, तू साइडकारमध्ये बसायचं. शाळेत जायला रोज रिक्षाची वाट बघणं बंद.
ती चहा टाकायला गेली.

२ डिसेंबर
सिलिंडरमध्ये डिझेल ओतून आठ दिवस ठेवलं होतं. आज पिस्टन हलला. केसभर, पण हलला. शो. तिच्या वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासत बसली होती, तिला हाक मारून दाखवलं.
साइडकार उजव्या बाजूची आहे. जर्मनीत गाड्या उजवीकडून चालतात, तिकडे ते ठीक. आपल्याकडे डावीकडेच हवी. जोडणीचे सगळे ब्रॅकेट नव्याने करावे लागणार.

२१ डिसेंबर
भाकरी थापता थापता शो. म्हणाली, "गाडी मी चालवणार."
हसलो. ती हसत नव्हती. म्हणाली, "तीन चाकं आहेत. पाय टेकायचा प्रश्नच नाही. माझा डावा पाय तेवढा अधू आहे, हात दोन्ही धड आहेत. गिअर हातावर आण."
म्हटलं, या वयात?
"पस्तिशीत विचारलं होतं. जादा चाकांची स्कूटर घेते म्हणाले, तू नको म्हणालास. मी आहे ना सोडायला, म्हणालास. मग सुट्टी संपली आणि दीपनगरला निघून गेलास."
खरं सांगायचं तर मला आठवतच नव्हतं. तिला तारीखवार आठवतं.

२२ डिसेंबर
कामाला हात लावला नाही. लहानपणी सायकलच्या दांड्यावर बसवून मीच तिला शाळेत न्यायचो. लोक कौतुक करायचे, भाऊ असावा तर असा. ते कौतुक मला फार आवडायचं. तिला काय वाटायचं, कधी विचारलं नाही.
संध्याकाळी वहीत गिअरच्या दांड्याचं चित्र काढलं. टाकीच्या उजव्या अंगाला मूठ, खालून आडवी सळई डावीकडे. होईल.

१८ जानेवारी
दांडा तिसऱ्यांदा केला. पहिला आखूड, दुसरा लवचिक. शो. स्टँडवरच्या गाडीवर बसून मूठ ओढून बघते आणि नाक मुरडते. "अजून जड आहे." गिऱ्हाईक म्हणून फार वाईट.
इंजिन मात्र सुरू झालं. तासभर बंदच केलं नाही. शेजारच्या अक्का कानात पदर कोंबून बघत उभ्या होत्या, पण हलल्या नाहीत.

१५ फेब्रुवारी
रविवार, शाळेचं मैदान रिकामं. शो.ने चालवली. सरळ झकास. डावीकडे वळताना रिकाम्या साइडकारचं चाक हातभर उचललं. मी किंचाळलो. तिने गॅस सोडला, चाक खाली आलं.
"भाऊ, चाकाला मी घाबरले नाही. तुझ्या ओरडण्याला घाबरले."
साइडकारमध्ये वजन हवं. सोमवारपासून वजन म्हणजे मी.

८ मार्च
तिचं शिकाऊ लायसन्स आलं, शेजारी मी पोत्यासारखा बसतो. खालून रस्ता फार जवळ दिसतो. मनात शंभरदा ब्रेक दाबतो, बाहेर चकार शब्द नाही. आज देवपूरच्या चौकात एकाने थांबून विचारलं, "बाई चालवतात?" शो. म्हणाली, "हो. भाऊंना अजून शिकवलं नाही."

३ एप्रिल
रंगावरून वाद. मी म्हटलं, असल्या जर्मन गाड्या काळ्याच शोभतात, वर पांढरी रेघ. ती म्हणाली, "चालवणार मी की जर्मन?" निळा. भीमजयंतीच्या आत वाळला पाहिजे.
आरटीओत गाडीतल्या बदलाच्या परवानगीचे कागद झाले. लायसन्सची चाचणी घेणाऱ्या साहेबांनी तिला आठचा आकडा काढायला लावला. दोन काढले.

१४ एप्रिल
गाडीला हार. पोरंसोरं, बायाबापड्या, सगळ्यांना साइडकारमध्ये बसायचं होतं. शो. हँडल धरून ताठ बसलेली. जय भीम घेता घेता मान दुखली म्हणाली. इतकं खूश तिला कधी पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यात पाणी आलं, धुराचं म्हणून पुसलं.

२६ एप्रिल
सकाळी सातला शो. साक्रीला गेली. आज तिथला बाजार. साइडकारमध्ये मी नाही, तिच्या शाळेतल्या सुमनबाई. मी डबा बांधून तयार होतो. म्हणाली, "आज तू घरी थांब."
मग विचारलं, वाटेत गाडी बंद पडली तर? किक कोण मारेल?
"रस्त्यावर कोणीही मारेल. जन्मभर लोक मला मदत करायला धावतातच. आता निदान कामाची करतील."
नऊपर्यंत पेपर वाचला, एक अक्षर कळलं नाही. पावणेदहाला मोबाइलवर निरोप आला. पोचलो, गाडीभोवती अर्धा बाजार जमलाय. खाली आणखी एक ओळ: "सुमन विचारते, इथून नंदुरबार किती लांब?"
लिहिलं, फार लांब. खोडलं. लिहिलं, ऊन होईल. तेही खोडलं. आता सव्वादहा. दोघी माझ्या उत्तरासाठी थांबल्या असतील, किंवा निघाल्याही असतील.