आईच्या पंख्याचं ऑटोमेशन

४ मार्च, सकाळी ६.४०
निर्णय झाला. या घरातली बटणं इतिहासजमा होणार.
गुडघ्याच्या ऑपरेशनपासून आई ताईकडे आहे. वीस तारखेला आठ दिवसांसाठी इकडे येणार आणि मग कायमचं कुठे राहायचं ते ठरवणार. दाजींनी तिच्यासाठी आपोआप सरकणारे पडदे बसवून घेतले आहेत. काल फोनवर ती त्या पडद्यांबद्दल चार मिनिटं बोलली. मला फक्त खोकला कसा आहे ते विचारलं. खोकला मला नाहीच. तो दाजींना आहे.
टच स्क्रीनचा रिमोट मागवलाय. आईच्या पलंगाशेजारच्या भिंतीत बसवणार. पंखा, दिवा, टीव्ही, सगळं एका बोटावर. आईला उठायलाच लागणार नाही. काम दोन दिवसांचं. फार तर अडीच.

८ मार्च
रिमोट आला. बायकोने विचारलं, हातात धरायची वस्तू भिंतीत कशाला? भिंतीत बसवली की तिचं बटणच झालं ना? मोठ्या कामाच्या सुरुवातीला असं ऐकून घ्यावं लागतं.
पेन्सिलीने चौकोन आखला. तीनदा मोजला. तीन वेगळी मापं आली, सरासरी काढली.

९ मार्च, सकाळी ११
भिंत फोडायला घेतली. इंचभर खोल खाच पुरेशी होती. पण वीट म्हणजे वीट, इंचभर निघत नाही. अख्खी निघाली आणि पलीकडे स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये पडली.
आता भोकातून बायको दिसते. तिलाही मी दिसतो. मग तिने वीट उचलून भोकातून मला परत दिली.

९ मार्च, दुपारी
फ्रिज बंद पडलाय. माझ्या कामाशी संबंध नसावा.

१० मार्च
संबंध होता. वायरमनला बोलावलं. भिंतीतली वायर कोणी तोडली, असं त्याने विचारलं. आधीच्या मालकांनी, म्हटलं. तो माझ्या भुवयांवरच्या विटेच्या भुकटीकडे बघत राहिला आणि म्हणाला, साहेब, पुढच्या वेळी आधीच्या मालकांना सांगा, मेन स्विच तरी बंद करत जा. माणूस कामाला बरा आहे. बोलायला थोडा आगाऊ.

१४ मार्च
भोक बुजवलं. आईच्या बाजूने स्क्रीन, स्वयंपाकघराच्या बाजूने बिस्किटांच्या रिकाम्या डब्याचं झाकण. चारी कडांना सिमेंट. असं काम कंपनीच्या माणसाला जमलं नसतं.
स्क्रीन जरा तिरका आहे, असं बायको म्हणते. मी तिला समजावलं की स्क्रीन सरळ आहे, बाकीच्या खोलीचा अंदाज चुकलाय.

१६ मार्च
पहिली चाचणी. ‘पंखा’वर बोट ठेवलं, स्वयंपाकघरातला मिक्सर सुरू झाला. भांडं झाकण न लावता ठेवणं ही बायकोची चूक.
‘दिवा’ दाबला की टीव्ही लागतो. ‘टीव्ही’ दाबला की पंखा लागतो. म्हणजे सगळं चालतंय, फक्त नावं शिकून घ्यायची. कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं.

१९ मार्च
सकाळपासून स्क्रीन काळा. माहितीपुस्तकात आहे की वापर नसेल तर तो झोपतो आणि बोट लावलं की जागा होतो. बोट लावलं. झोप गाढ दिसते. तेवढीच वीज वाचते.
बायकोने विचारलं, चार्जिंगची पिन कुठे लावायची? खालच्या बाजूला, म्हटलं. खालच्या बाजूला तर सिमेंट आहे, ती म्हणाली. प्रत्येक गोष्टीत खोट काढायची तिला सवयच आहे.

२० मार्च, संध्याकाळी ५
आई आली.
तिला पलंगावर बसवून स्क्रीन दाखवला. तिने बोट टेकवलं. काही नाही. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवून तिच्या बोटांची कातडी निबर झाली आहे. स्क्रीन बनवणाऱ्यांनी शिवणकाम करणाऱ्या बायकांचा विचारच केलेला नाही. “माझंच बोट जुनं झालंय रे,” ती म्हणाली. मी म्हटलं, जरा जोर लाव. मग तिने बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं.
आठ सेकंद गेले. पंखा सुरू झाला.
मला स्क्रीनकडेच तोंड करून उभं राहावं लागलं, कारण डोळे भरून आले होते. बायको नेमकी तेव्हाच मागे दारापाशी आली होती, बटणांच्या बोर्डाजवळ. पंखा सुरू झाल्याचं तिला काहीच कौतुक नाही. कशाला ठोकताय, एवढंच विचारलं.

२१ मार्च
बोटापेक्षा पेराला प्रतिसाद चांगला. दोन टकटक पंखा, तीन टकटक दिवा. कागदावरची नावं खोडली. हे माहितीपुस्तकात कुठेच नाही, आम्हीच शोधून काढलं.
आजचे आकडे: ८ सेकंद, ९ सेकंद, ७ सेकंद. साडेबाराला मात्र ४० सेकंद लागले. बायकोला विचारलं, तेव्हा सिग्नल कमी होता का? हो, दूध उतू जात होतं, ती म्हणाली. तिला तांत्रिक प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

२३ मार्च
दाजींना फोन केला. आमच्याकडे सगळं टकटकवर चालतं, तुमचे पडदे अजून बटणावरच आहेत का, असं सहज विचारलं. ते बराच वेळ खोकले.
आई खूश आहे. जेवताना म्हणाली, “तुझं मशीन फार गुणी आहे. काल मी नुसती खोकले तर पाणी घेऊन आलं.”
पाण्याची सोय मी केलेली नाही. बहुतेक अपडेट आलं असावं.

२५ मार्च, दुपारी २
बायको दिवसभरासाठी बहिणीकडे गेली आहे. मी स्वयंपाकघरात चहा करत होतो. भिंतीतून टकटक ऐकू आलं. पाइपात हवा अडकली असणार. प्लंबरला सांगायला हवं. पुन्हा टकटक. पुन्हा. मी चहा घेतला, पेपर वाचला.
अर्ध्या तासाने आईच्या खोलीत गेलो. ती घामाने भिजून बसली होती. आज ऐकत नाहीये मशीन, म्हणाली.

२५ मार्च, दुपारी ३
आईला टकटक करायला सांगून स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. डब्याच्या झाकणावर आवाज स्पष्ट येतो. दोन टकटक. थोड्या वेळाने तीन.
पंखा लावून आलो. अकरा सेकंद लागले. बायको हेच सातमध्ये करते.
तिला फोन केला. कधीपासून, विचारलं. पहिल्या दिवसापासून, ती म्हणाली. मग बोलली का नाहीस? “तू वहीत सेकंद लिहीत होतास. मन झालं नाही.”
मी म्हटलं, आईला निदान काही सांगू नकोस. ती म्हणाली, बघू.

२६ मार्च
आईला मीच सांगून टाकलं. स्क्रीन एकोणीस तारखेपासून बंद आहे, पंखा तुझी सून लावते आहे. आता तुला ताईकडे जायचं असेल तर मी सोडायला येतो, असंही म्हटलं. हे वाक्य मी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं. दोन्ही वेळा नीट जमलं होतं.
आई मटार सोलत होती, मान वर केली नाही. म्हणाली, “मशीन चपला फटफटवत येतं का रे? मला कळत नव्हतं होय?”
मग तीही का बोलली नाही, विचारलं.
“तू खूश होतास.”
थोड्या वेळाने म्हणाली, ताईकडे पडदा सरकतो, पण विचारायला कोणी येत नाही. सगळी कामावर. मी इथेच राहते. ताईला सांगितलंय मी परवाच.
म्हणजे परवापासून ठरलेलं होतं. मी काल वायरमनकडून सिमेंट फोडायच्या कामाची माहिती घेतली ती उगाच. एका अर्थी प्रकल्प यशस्वी म्हणायला हरकत नाही. उद्दिष्ट पूर्ण झालं, मार्ग थोडा वेगळा निघाला.

२८ मार्च, सकाळी १०.३०
व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. आईचा गुडघा वाकवून पाहिला आणि नाराज झाल्या. या आठ दिवसांत उठतच नाहीत की काय, असं त्यांनी मला विचारलं. मी अभिमानाने सांगितलं की उठायची गरजच ठेवलेली नाही.
त्यांनी पिशवीतून पेन काढलं. मग कागदावर लिहून दिलं: पंखा, दिवा, पाणी, सगळं आजींनी स्वतः उठून करायचं. कोणी मदत करायची नाही. हा कागद बायकोने जुन्या कागदाच्या जागी चिकटवला.

२८ मार्च, सकाळी ११.१५
आई आत्ता काठी घेऊन उठली. मी दारात उभा होतो, मदत न करता. ती भिंतीला धरून हळूहळू स्क्रीनपर्यंत आली आणि थांबली. वाकून त्यात बघायला लागली. मला वाटलं, एकदा तरी हात लावून बघणार.
त्या काळ्या काचेत बघून तिने कपाळावरचे केस मागे घेतले, चष्मा पुसून पुन्हा लावला. चांगलं दिसतं यात, म्हणाली.
मग दारापाशी जाऊन बटण दाबलं. पंखा लगेच सुरू झाला.